सासूबाईंचं अठ्ठेचाळीस दिवसांचं मंडल

जुळे सोलापुरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या सासूबाई ६१ वर्षांच्या, वजन ६४ किलो. अकरा वर्षांपासून मधुमेह, जोडीला बीपी आणि अधूनमधून धडधड. गोळ्या अशा : साखरेसाठी मेटफॉर्मिन ५०० सकाळ-रात्र आणि ग्लिमेपिराइड २ सकाळी, बीपी आणि धडधडीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि मेटोप्रोलोल २५. जानेवारीच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी (साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ८.४, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५. गड्ड्याच्या यात्रेत ओळख झालेल्या एका सत्संग मंडळात त्या जातात. तिथे चैत्रात ४८ दिवसांचं ‘सात्त्विक शुद्धी मंडल’, म्हणजे नेमाचं व्रत, सुरू होणार आहे. सकाळी दुधी-पालकाचा मोठा ग्लासभर रस, दिवसभर फळं आणि कच्ची मोडं, दुपारी दोन शहाळी. धान्य, मीठ, तेल, दूध, चहा बंद. सोमवारी आणि एकादशीला निर्जळी. रोज एनिमा. सकाळ-संध्याकाळ एक काळसर पुडी. आठव्या दिवसापासून गोळ्या अर्ध्या आणि एकविसाव्या दिवशी पूर्ण बंद. ताई लिहितात, ‘ज्याची श्रद्धा कच्ची त्याचीच साखर वाढते, असं तिथे सांगतात. मी काही बोलले की घरात मीच अश्रद्ध ठरते. करू द्यावं का?’

ताई, आहे तसं करू देऊ नका. थोडं बदलून मात्र जरूर करू द्या. त्यातल्या काही गोष्टी सासूबाईंच्या फायद्याच्याच आहेत.

या मंडलात तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत : खाणं, नामस्मरण आणि गोळ्या सोडणं. पहिल्या दोन गोष्टी माणसाला हव्याशा वाटतात, म्हणून तिसरी त्यांच्या आडून घरात शिरते. गाठोडं सोडून बघितलं की भांडायला फारसं काही उरत नाही.

सुरुवात क्रिएटिनिनपासून करू, कारण मंडळात नाव नोंदवताना तो आकडा कुणी विचारलेला दिसत नाही. १.५ हा आकडा दिसायला किरकोळ. पण ६१ वर्षांच्या बाईंसाठी त्याचा हिशेब केला, तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवर ईजीएफआर म्हणून लिहितात ती, ३९ च्या आसपास येते. निरोगी माणसात ती ९० च्या पुढे असते. या एका आकड्यामुळे अख्ख्या योजनेचा अर्थ बदलतो. शेजारच्या काकूंना जे मानवलं ते सासूबाईंना का मानवणार नाही, याचं उत्तर इथेच आहे.

शहाळ्याचंच घ्या. १०० मि.ली. शहाळ्याच्या पाण्यात साधारण २५० मि.ग्रॅ. पोटॅशियम असतं. दोन शहाळ्यांचं पाणी ६०० मि.ली. धरलं, तर तिथेच दीड ग्रॅम झालं. पालकाच्या १०० ग्रॅममागे आणखी अर्ध्या ग्रॅमहून जास्त, एका केळ्यामागे ३५० ते ४०० मि.ग्रॅ. दिवसअखेर बेरीज चार ग्रॅमच्या वर सहज जाते. चांगलं मूत्रपिंड हे जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतं. सासूबाईंचं तेवढं टाकू शकत नाही, आणि टेल्मिसार्टन ही गोळीसुद्धा पोटॅशियम शरीरात धरून ठेवते. रक्तात ते वाढलं की आधी कळत नाही, हीच त्यातली खोड. थोडा अशक्तपणा, पाय जड वाटणं, आणि मग एकदम हृदयाचे ठोके बिघडतात. फळं आणि शहाळी ‘थंड आणि निरुपद्रवी’ असतात, ही समजूत मूत्रपिंडाच्या रुग्णाला फार महागात पडते.

पालकाच्या रसाची दुसरी अडचण ऑक्झलेटची, म्हणजे पालकातल्या खडे करणाऱ्या द्रव्याची. शिजवून, पाणी टाकून केलेल्या भाजीत ते बरंच कमी होतं. कच्च्या रसात सगळं तसंच पोटात जातं, आणि रोज मोठा ग्लास घेतला तर आधीच थकलेल्या मूत्रपिंडात त्याचे खडे साठू शकतात. दुधीबद्दल तर घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं : रस कडू लागला की एक घोटही पुढे घ्यायचा नाही, ओतून द्यायचा. कडू दुधीतल्या विषारी द्रव्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही हाच इशारा दिला आहे. ‘कडू तेच गुणकारी’ म्हणून डोळे मिटून पिणारे लोक मंडळांमध्ये नेमके जास्त असतात. दुधीची शिजवलेली भाजी खुशाल खावी, पण फोड चाखून मगच चिरावी.

आता निर्जळीकडे येऊ. चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्रेचाळीसलाही टेकतो. अशा दिवशी पाण्याचा थेंब न घेता, वर सकाळी एनिमा करून आणि टेल्मिसार्टनची गोळी घेऊन बसणं, म्हणजे मूत्रपिंडाला तिन्ही बाजूंनी कोंडीत धरणं. शरीरातलं पाणी आटलं की ही गोळी मूत्रपिंडातला दाब आणखी उतरवते. क्रिएटिनिन झपाट्याने चढायला एवढं पुरतं. रोजच्या एनिम्याने क्षार जातात आणि आतडी आळशी होतात ते वेगळंच. एनिमा पूर्ण वगळा, त्यावर तडजोड नको.

गोळ्यांचं मात्र जरा बारकाईने समजून घ्या, कारण सगळ्या गोळ्या एकसारख्या वागत नाहीत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते, पोटात अन्न असो वा नसो. धान्य बंद आणि ही गोळी चालू, असे पहिले सात दिवस योजनेत आहेत. खरा धोका एकविसाव्या दिवशी नाही, पहिल्याच आठवड्यात आहे! मूत्रपिंड मंद असल्याने गोळीचा परिणाम लांबतो आणि साखर रात्री-पहाटे कोसळू शकते. एरवी अशा वेळी छाती धडधडते, हात थरथरतात आणि माणूस सावध होतो. पण मेटोप्रोलोल नेमकी हीच दोन लक्षणं झाकून टाकते. सासूबाईंना फक्त दरदरून घाम येईल, किंवा त्या असंबद्ध बोलायला लागतील. घरच्यांना वाटेल, उपासाचा थकवा आहे. मंडळातल्या लोकांना वाटेल, भाव दाटून आला.

मेटोप्रोलोल अचानक बंद केली तर उलटा झटका बसतो. दाबून धरलेली स्प्रिंग सोडावी तसे ठोके आणि बीपी उसळतात, आणि हृदय नाजूक असेल तर छातीत कळ येऊ शकते. ही गोळी थांबवायचीच असेल तर डॉक्टर आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू उतरवतात. मेटफॉर्मिन एकटी असताना साखर सहसा कोसळवत नाही, पण उलट्या-जुलाब आणि निर्जळीच्या दिवशी तीही धोक्याची. म्हणजे चार गोळ्यांची चार वेगळी गणितं आहेत. ‘आठव्या दिवसापासून सगळ्या अर्ध्या’ हे त्यांतल्या एकाही गणितात बसत नाही.

पुडीबद्दल थोडक्यात. तिच्यावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली नसेल, तर ती आयुर्वेदाच्या नावाखालीही औषध ठरत नाही. भारतात आयुर्वेदिक औषध बनवायलाही परवाना लागतो. बिनलेबलच्या पुड्यांत दोन गोष्टी वारंवार सापडतात : शिसं-पाऱ्यासारखे जड धातू आणि स्टेरॉइड. शिशाने पोटात कळा, बद्धकोष्ठ आणि रक्त कमी होणं. स्टेरॉइड असेल तर दोन-तीन दिवसांत गुडघे हलके वाटतात, भूक लागते, तरतरी येते. मग चेहरा सुजायला लागतो आणि साखर चढते. पुडीने फार लवकर बरं वाटलं तर खूश होण्याआधी घाबरा. पुडी घेऊन झालीच असेल तर ती फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा. संशय वाटला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. मंडळाच्या पत्रकावर ‘मधुमेह कायमचा बरा’ असं छापलं असेल, तर तेही ठेवून द्या. ज्या आजारांवर औषधाची अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, त्यांच्या यादीत मधुमेह आहे.

‘पण तिथे लोकांची साखर खरंच उतरलेली मी पाहिली आहे,’ असंही तुम्ही लिहिलं आहे. खोटं नाही ते. दिवसाला सहा पोळ्या, भात आणि चार गोड चहा बंद केले तर कुणाचीही साखर उतरेल. मीठ सोडलं की बीपी उतरतं. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो कमी होतात, त्यात बहुतेक पाणी असतं. शरीरात साठवलेल्या दर एक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, साठा संपला की ते निघून जातं. शिवाय व्यासपीठावर अनुभव सांगायला उभे राहतात ते टिकलेले लोक. बाराव्या दिवशी चक्कर येऊन घरी गेलेला माणूस माइक हातात घेत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीला तिथे ‘विष बाहेर पडतंय’ म्हणतात. चहा एकदम तोडला की साधारण एका दिवसाने डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं आणि आठवडाभरात जातं. ते कॅफिनचं काम आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि त्यात शुद्धीही नाही. मात्र घाम, बरळणं, उलट्या, धाप, लघवी कमी होणं, पायांत जोर न राहणं, यांपैकी काहीही ‘शुद्धी’च्या खाती टाकायचं नाही.

आहाराने मधुमेह मागे हटतो का? काही जणांचा हटतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार दिला. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. गंमत म्हणजे तिथेही साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. मग मंडळाचं काय चुकलं? त्या अभ्यासात मधुमेह सहा वर्षांच्या आतला असलेलेच लोक घेतले होते, इन्सुलिनवरचे वगळले होते, आहारात प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मोजून दिली होती, आणि साखर-बीपी वर गेलं तर गोळी परत सुरू करायची रीत आधीच ठरलेली होती. अकरा वर्षांचा मधुमेह आणि ३९ वर आलेलं मूत्रपिंड असताना सगळ्या गोळ्या सुटण्याची आशा कमी. एखादी गोळी कमी होणं, एचबीए१सी ८.४ वरून साडेसातच्या खाली येणं, हे मात्र आवाक्यातलं आहे.

श्रद्धेबद्दल सासूबाईंशी बोलताना एक दाखला उपयोगी पडेल. पुण्याला जाताना आपल्या सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन लागतं. तिथला निसर्गोपचार आश्रम १९४६ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने सुरू झाला. माती, पाणी, साधं अन्न यांच्या जोडीला त्यांनी रामनामालाही उपचाराचं स्थान दिलं. त्याच गांधीजींनी १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तेव्हा त्यांचं नाम काही कच्चं नव्हतं! निसर्गोपचार हीसुद्धा शिकण्याची विद्या आहे. बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी आहे, पुण्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. मंडळ चालवणाऱ्यांपैकी कुणाकडे ही पदवी आहे का, हे विचारणं उद्धटपणा नाही.

आता बदललेलं मंडल. अठ्ठेचाळीस दिवस तसेच ठेवा, पहाटेचा जप आणि संध्याकाळचं भजन ठेवा, सत्संगाला चालत जाणं ठेवा. जेवणानंतर वीस मिनिटं चालल्याने त्यानंतरची साखर उतरते, हा तर सरळ फायदा. सूर्यास्ताच्या सुमारास जेवण हा नियमही उत्तम. साखर, गूळ, मध, मैदा, तळण, फरसाण बंद. (मध ‘नैसर्गिक’ म्हणून वेगळा धरू नका. एका मोठ्या चमच्यात सतरा ग्रॅमच्या आसपास साखर असते.)

धान्य मात्र बंद करायचं नाही, मोजायचं. मंगळवेढ्याची ज्वारी दाराशी असताना सात्त्विक अन्न शोधायला दूर जायला नको. सकाळी २५ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची आंबील, ताक घालून. दुपारी ५० ग्रॅम पिठाची एक, अशा दीड भाकरी, वाटीभर मटकीची उसळ किंवा तुरीचं वरण, पालेभाजी, काकडी. रात्री एक भाकरी, अर्धी वाटी वरण, दुधी किंवा दोडका. मधल्या वेळेला कपभर दूध किंवा ताक, आणि १०० ग्रॅम पपई किंवा सफरचंद. सांगोल्याच्या डाळिंबाचे दाणे हवे असतील तर अर्धी वाटी, पण मग त्या दिवशी दुसरं फळ नाही. शेंगाची चटणी दोन चमचे. यातून प्रथिनं ४५ ग्रॅमच्या आसपास जातात. ६४ किलो वजनाला आणि या मूत्रपिंडाला ती ठीक आहेत, प्रोटीन पावडर वगैरे घालू नका. निव्वळ फळांच्या दिवसात हाच आकडा दहा-पंधराच्या पुढे जात नाही, आणि शरीर मग मांड्या-दंडांतले स्नायू खायला काढतं. साठीनंतर गेलेला स्नायू परत आणणं अवघड असतं.

मोडं कच्ची नकोत, दहा मिनिटं वाफवा. पालक-चाकवत चिरून उकळा आणि ते पाणी टाका, पोटॅशियम आणि ऑक्झलेट दोन्ही घटतात. तेल दिवसाला तीन-चार चहाचे चमचे. मीठ पूर्ण बंद नको, दिवसभराचं मिळून सपाट चहाचा चमचा, आणि चटणीतलंही त्यातच मोजायचं. सैंधव म्हणजेही मीठच. ‘लो सोडियम’ लिहिलेली पाकिटं मात्र घरात आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. चहा बिनसाखरेचा, दोन कप. सोडायचाच असेल तर आठवड्याला अर्धा-अर्धा कप उतरवा.

सोमवार आणि एकादशीला निर्जळीऐवजी एकभुक्त ठेवा, तेही डॉक्टरांनी त्या दिवशीची ग्लिमेपिराइड किती घ्यायची ते सांगितल्यावरच. पाणी पुरेसं. साबुदाण्याची खिचडी उपासाची म्हणून चालत असली तरी साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, दोन तासांनी मीटर लावलात की कळेल. राजगिरा, दही, काकडी, थोडी भगर बरी. भगरीचं पीठ सुटं आणि जुनं घेऊ नका, बुरशी धरलेल्या पिठाने उपासाच्या दिवसांत विषबाधा होतात.

हे सुरू करण्याआधी साखर (उपाशीपोटी आणि जेवणानंतर), क्रिएटिनिन, पोटॅशियम, सोडियम, हिमोग्लोबिन, बी१२ आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. बी१२ यासाठी की शाकाहार आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, दोन्हींमुळे ते घटतं. पायांना मुंग्या येतात आणि त्याचं खापर मधुमेहावर फुटतं. रिपोर्ट घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. ‘आहार बदलू का?’ असं मोघम विचारू नका. चिठ्ठीवर वरचा आहार लिहून न्या आणि विचारा : एवढं धान्य कमी झाल्यावर ग्लिमेपिराइड किती? उलट्या-जुलाब झाले किंवा खाणं-पाणी बंद पडलं, तर त्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या? कोणता आकडा आला की तुम्हाला फोन करू? डोस आम्ही इथून सांगत नाही, सांगूही नये.

पहिले दहा दिवस ग्लुकोमीटर चार वेळा : उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना. वहीत तारीख, आकडा आणि खाल्लेलं लिहा. १०० च्या खाली वारंवार येऊ लागलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ७० च्या खाली गेलं तर तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, नाही चढली तर पुन्हा तेवढंच. चढली तरी निर्धास्त होऊ नका. ग्लिमेपिराइडने कोसळलेली साखर काही तासांनी परत कोसळते, म्हणून त्यांना एकटं झोपू न देता डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, अंगारा-तीर्थही नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन. दोनदा २५० च्या वर गेलं तरी फोन, आणि ३०० च्या वर साखर व सोबत उलट्या असतील तर थेट दवाखाना.

बोलण्याचं काय? ‘त्या मंडळाला जाऊ नका’ हे वाक्य टाळा, ते तुम्हाला हरवेल. ‘आई, मंडल आपण दोघी मिळून करू, तुमच्या ताटात जे वाढेन तेच मी खाईन’ असं म्हणून बघा. मंडळात एकदा सोबत जा आणि नम्रपणे विचारा की गोळ्या थांबवायचा सल्ला कागदावर सही करून मिळेल का. बहुतेक ठिकाणी तो मिळत नाही, आणि ते सासूबाईंच्या समोर घडलेलं बरं. पैसे भरले असतील तर त्यापायी मंडल पुरं करायचा हट्ट नको. आणि साखर वाढली म्हणजे श्रद्धा कमी पडली, हे त्यांच्या मनातून काढायला मीटरची वहीच कामाला येईल. एकादशीच्या खिचडीनंतरचा आकडा आणि भाकरी-उसळीनंतरचा आकडा त्यांनाच शेजारी-शेजारी वाचायला द्या, जप दोन्ही दिवशी तेवढाच झालेला असेल.

दहाव्या दिवशी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत तपासा. एचबीए१सीची घाई नको. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे अठ्ठेचाळिसाव्या दिवशी अर्धवट चित्र दिसेल. चैत्रात सुरू केलंत तर आषाढात, वारी पंढरपुरात पोचायच्या सुमारास करा, आणि मागचा ८.४ चा कागद सोबत न्या.